धूळ कुठली पुसायची

मागं ऐकू येतंय ना? ठीक. मला विषय दिलाय ‘चित्रपटांचं जतन’, पण एवढ्या जड नावाच्या विषयावर बोलायची माझी काही पात्रता नाही. मी आर्काइव्हवाला माणूस नव्हे, आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी पिक्चर बघितले, एवढंच. त्यामुळं मी एकाच पिक्चरबद्दल बोलणार आहे, ‘मंथन’. श्याम बेनेगलांचा, १९७६ चा. हा पिक्चर मी तीनदा बघितला, आणि खरं सांगू का, तिन्ही वेळा वेगळा पिक्चर बघितला.

पहिल्यांदा बघितला तो ब्लॅक अँड व्हाइट. हसू नका, ‘मंथन’ रंगीत आहे हे मलाही माहितीय, पण आमच्या गावातला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता ना. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव, ऐंशीच्या दशकाचा मध्य, गावात टीव्ही दोनच, त्यातला एक दूध संस्थेच्या हापिसात. आमचे आप्पा, म्हणजे वडील, त्या संस्थेचे सेक्रेटरी, त्यामुळं टीव्हीच्या कपाटाची किल्ली आमच्या घरी असायची आणि त्याचा मला फार माज होता. त्या रात्री दूरदर्शनवर ‘मंथन’ लागणार, दुधावरचा पिक्चर आहे, हे आप्पांनी सकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, आणि रात्री अख्खा गाव लोटला. पुढं खुर्चीवर चेअरमन, मग सतरंजीवर आम्ही पोरं, मागं माणसं उभी, आणि खालच्या वस्तीतली माणसं बाहेर, खिडकीतून बघणारी. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, ती तिथंच उभी राहायची.

पडद्यावर मुंग्या नुसत्या. गिरीश कर्नाड डॉक्टर राव होऊन गावात येतो, स्मिता पाटीलच्या घरच्या दुधाचं सॅम्पल मागतो, आणि आमचे आप्पा मोठ्यानं कॉमेंट्री करतायत, बघा बघा, फॅट काढणार आता. ज्यांच्या घरी कधी जनावर नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो, दुधाचा दर फॅटवर ठरतो. नळीत ॲसिड घालायचं, मोजून दूध घालायचं, थोडं अल्कोहोल, बूच लावून मशीनमध्ये गरागरा फिरवायचं, की वर स्निग्धांश तरंगून येतो आणि नळीवरच्या रेघांवर आकडा दिसतो. तो आकडा कोण वाचतं त्याच्यावर गावाची चूल अवलंबून. पिक्चरमध्ये अमरीश पुरीचा मिश्रा, खासगी डेअरीवाला, नेमका तिथंच डल्ला मारतो, शेतकऱ्याला कळूच देत नाही दुधाला फॅट किती लागलीय ते. हे आमच्या गावाला समजावून सांगायची गरज नव्हती, शिव्या आपोआप येत होत्या.

मग पुढं गावच्या दूध सोसायटीची निवडणूक होते, सरपंच उभा राहतो आणि पडतो, वस्तीतला माणूस निवडून येतो. खिडकीकडून एकदम आरडाओरडा झाला, शिट्ट्या झाल्या, आणि तेवढ्यात लाईट गेली. आम्ही थोडा वेळ अंधारात बसलो, मग चेअरमन म्हणाले चला आता, काय येत नाही ती. बाहेर येऊन देवळाच्या बल्बखाली चपला शोधल्या आणि घरी आलो. म्हणजे आमच्या गावानं ‘मंथन’ शेवटाशिवाय बघितला. पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडं समज हाच, की राव साहेब त्या गावातच राहिला आणि सगळं चांगलं झालं.

दुसऱ्यांदा बघितला पुण्यात, व्हीसीडीवर, नोकरी लागल्यानंतर. आता रंगीत होता, पण रंग कुठला, तर गुलाबी. आभाळ गुलाबी, म्हैस गुलाबी, स्मिता पाटील तापानं फणफणल्यासारखी. मला वाटलं डिस्क खराब आहे. नंतर कळलं की त्या काळच्या रंगीत फिल्मवर रंगांचे तीन थर असतात आणि ते सारख्या वेगानं उडत नाहीत, निळसर रंगाचा थर साधारण आधी जातो, मग उरतो तो लाल-गुलाबी. साठवणूक गरम दमट असेल तर आणखीनच लवकर. म्हणजे आपण ज्याला ‘जुन्या पिक्चरचा लुक’ म्हणतो ना, आणि हल्ली मोबाईलमध्ये मुद्दाम फिल्टर लावून आणतो, तो लुकबिक काही नाही, ती सडण्याची पायरी आहे.

आणि गंमत बघा, मी ज्या शहरात हा गुलाबी ‘मंथन’ बघत होतो, त्याचं मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात फिरलेली फिल्म, त्याच शहरात ठेवलेलं आहे, पुण्यात, राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात. लॉ कॉलेज रोडवरून मी रोज बँकेत जायचो. त्याच निगेटिव्हवरून २०२४ ला ‘मंथन’ परत उभा केला गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं पुढाकार घेतला, पैसे दिले गुजरातच्या दूध संघानं, म्हणजे अमूलवाल्यांनी, काम झालं चेन्नईच्या प्रसाद लॅबमध्ये आणि इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबची साथ. स्वतः बेनेगल आणि छायाचित्रण करणारे गोविंद निहलानी देखरेखीला होते. हे फार महत्त्वाचंय, कारण पन्नास वर्षांपूर्वी ती भिंत नेमकी कुठल्या रंगाची होती हे सांगणारा माणूस हयात असणं ही चैन आहे, ती प्रत्येक पिक्चरच्या नशिबी नसते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेनेगल गेले.

आता थोडा हिशोब, बँकेची सवय. पिक्चर १३४ मिनिटांचा. पस्तीस एमएम फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे बारा हजार फुटांच्या वर, साडेतीन किलोमीटरहून जास्त, डेक्कनवरून अंथरत निघालात तर कर्वे पुतळ्यापर्यंत जवळपास जाईल. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे एकूण १ लाख ९३ हजारांच्या आसपास चित्रं, आणि त्यातलं प्रत्येक स्कॅन करायचं, बघायचं. ‘मंथन’च्या निगेटिव्हवर काही भागात बुरशी चढलेली, तिच्या उभ्या हिरव्या रेघा पडलेल्या. आवाज तर निगेटिव्हवरून घेतलाच नाही, फाउंडेशनकडं एक थिएटरमध्ये चालवायची प्रिंट होती तिच्या कडेला जी आवाजाची पट्टी असते, तिच्यावरून घेतला. चित्र एका ठिकाणचं, आवाज दुसऱ्या ठिकाणचा, आणि ती जुळवायची.

पण मला खरं बोलायचंय ते धुळीबद्दल. या कामात कॉम्प्युटरला एक सोय असते, निगेटिव्हवरचे ठिपके, कचरा, ओरखडे आपोआप शोधून पुसून टाकायची. कशी शोधतो, तर जो ठिपका एका चित्रात आहे पण मागच्या-पुढच्या चित्रात नाही, तो कचरा. हुशार आहे, पण त्याला गाव माहीत नाही. गावात म्हशी चालल्या की फुफाटा उडतो, आणि त्या फुफाट्याचा कणसुद्धा एका चित्रात असतो आणि पुढच्यात नसतो. पावसाचा थेंब, ठिणगी, उडालेलं भुसकट, सगळ्यांचं तेच. कॉम्प्युटरच्या भरवशावर सोडलं तर तो निगेटिव्हवरच्या धुळीबरोबर गावातली धूळसुद्धा झाडून काढेल. म्हणून शेवटी माणसालाच बसून ठरवावं लागतं, ही धूळ आपल्या निष्काळजीपणाची आहे, पुसा, आणि ही धूळ राजकोटजवळच्या सांगणवा गावची आहे, तिथं शूटिंग झालं, तिला हात लावू नका. माझ्या मते या सगळ्या कारभारातली अक्कल इथं आहे. नाहीतर आपण बघतोच की, चेहरे मेणाचे करून ठेवलेले जुने पिक्चर, आणि वर लिहिलेलं, ‘नवीन स्वरूपात’.

बरं, तिसऱ्यांदा. मे महिन्यात तो फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिवलला दाखवला, आणि १ आणि २ जून २०२४ असे दोनच दिवस देशभरात ५० शहरांत लागला. १ जून म्हणजे जागतिक दूध दिन, अमूलवाले संधी सोडतात होय. मी आप्पांना गावाहून आणलं. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, मल्टिप्लेक्सच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तयार नाहीत, पण मी म्हटलं ‘मंथन’ आहे, तर आले.

पिक्चर सुरू झाला आणि बाजूचे दिवे चालूच. पाटी येते ना, की गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचा हा चित्रपट, ती अर्धी फिक्कट. प्रत्येकानं दोन-दोन रुपये दिले आणि दहा लाख जमले, अमूल उभं करणाऱ्या कुरियन साहेबांची आयडिया, आणि पुढं ते शेतकरी ट्रक भरभरून थिएटरला आपला पिक्चर बघायला गेले. त्या पाटीसाठी मी आप्पांना आणलेलं. उठून बाहेर गेलो, तिथल्या पोराला सांगितलं दिवे बंद कर, तर तो शांतपणे म्हणतो, काका, जुना पिक्चर आहे ना, असाच दिसणार. मी काय बोललो ते इथं सांगत नाही. दिवे बंद झाले.

आणि मग, मंडळी, काय सांगू. पहिली गोष्ट, गुलाबी गेला. भिंत मातीची झाली, आभाळ पांढुरकं, उन्हाळ्यात असतं तसं. ‘मेरो गाम काठा पारे’ सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, अगं हे तर अमूलच्या ॲडचं गाणं, आणि मला तिचा राग नाही आला, पिक्चर संपेपर्यंत तिनं एकदाही फोन काढला नाही. स्मिता, आपली पुण्याची, दूरदर्शनवर बातम्या वाचणारी मुलगी, तिच्या कपाळावरचा घाम सुटा सुटा दिसतो. नसीरुद्दीन शहा सांगतो की तो त्या वेळी झोपडीत राहिला, शेणी थापायला आणि म्हैस पिळायला शिकला. टीव्हीवर ते गोष्टीसारखं वाटतं, मोठ्या पडद्यावर आप्पांनी लगेच पास केलं, हात बरोबर हायत म्हणाले. पटकथा तेंडुलकरांची आहे हे मी त्यांना कानात सांगितलं, तर त्यांना फरक पडला नाही. मोहन आगाशे दिसल्यावर मात्र, ह्येला वळकतो.

पण मला सगळ्यात जास्त दिसली ती मागची माणसं. छोट्या पडद्यावर हा पिक्चर कर्नाडचा होता, शहरातला चांगला माणूस गावात येतो त्याची गोष्ट. मोठ्या पडद्यावर तुमची नजर मोकळी असते, राव बोलत असतो आणि तुम्ही त्याच्या खांद्यामागं उभ्या असलेल्या माणसाकडं बघत बसता, तो ऐकतोय की नाही, कोण कुणाच्या शेजारी उभं नाही, सरपंच आला की कोण दोन पावलं मागं सरकतं. ते सगळं त्या निगेटिव्हवर पहिल्यापासून होतं. आमच्या टीव्हीवर त्या जागी मुंग्या होत्या.

निवडणूक आली. सरपंच पडला. आप्पा खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं गुडघा दुखतोय. मग पुढचं सगळं, जे आमच्या गावानं कधी बघितलंच नव्हतं, वस्ती जळते, राव थकतो, त्याची बदली होते, तो निघून जातो आणि सोसायटीचं ओझं भोलावर, म्हणजे नसीरवर येऊन पडतं. दिवे लागले. आप्पा काही बोलले नाहीत.

या पिक्चरच्या सोळा एमएम प्रिंटा काढून गावोगाव फिरवल्या होत्या, त्याच्याबरोबर जनावरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार असे पाठवायचे, पिक्चर संपला की लोकांनी लगेच विचारावं, आमच्यात कशी काढायची सोसायटी. हे मी रिक्षात आप्पांना सांगत होतो, नुसतं शांतता नको म्हणून. ते बाहेर बघत होते. मग कर्वे रोडच्या सिग्नलला म्हणाले, “त्या रात्री लाईट गेली नव्हती.”

मी म्हटलं, काय?

“चेअरमन म्हणला बटण बंद कर. मी केलं. वरचा दिवा पण.”

मला एकदम देवळाचा बल्ब आठवला. चाळीस वर्षं तो माझ्या डोक्यात चालूच होता आणि मी त्याच्या खाली फक्त चपला बघत होतो. खिडकीतली माणसं कधी, कशी गेली, हे मला आठवत नाही, कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

सिग्नल सुटला. थोड्या वेळानं आप्पांनी विचारलं, “सायब गेला म्हंतोस. मग मागनं फॅट कोण काढत हुतं त्येंच्यात?”

मी म्हटलं, ते पिक्चरमध्ये दाखवलेलं नाही आप्पा.

“दाखवाय पायजे हुतं,” म्हणाले.