आठच्या आकड्यावर

पडद्यावर दिसते आहे ते मैदान लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे आहे. परिवहन कार्यालयाचे वाहन परवान्याच्या चाचणीचे शिबिर आज येथे भरले असून, चुन्याने आखलेल्या आठच्या आकड्याभोवती सकाळपासून दुचाकींची रांग लागली आहे. रांगेतील बहुतेकांना गाडी चालवता येते. किंबहुना काहीजण ती चालवतच येथवर आले आहेत. खेड्यांत घरी गाडी आधी येते आणि परवाना मागाहून. तुरीचे कट्टे मोंढ्यावर न्यायचे असोत की आजारी माणसाला रात्री दवाखान्यात पोचवायचे असो, शेवटची एस.टी. निघून गेल्यावर मोटारसायकलीवाचून दुसरा उपाय उरत नाही, आणि जो मोकळा असेल तो किल्ली उचलतो.

रांगेतल्या या 19 वर्षांच्या मुलीला स्कूटी शिकवली ती वडिलांनी, बांधालगतच्या गाडीवाटेवर. शिकाऊ परवाना, ज्याला सारा गाव ‘कच्चं लायसन’ म्हणतो, तिने आधारच्या आधारे घरबसल्या काढला. रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहून 15 प्रश्नांची परीक्षा द्यायची आणि त्यांतील किमान 9 उत्तरे बरोबर आणायची, एवढीच अट होती. ती सहज पार पडली. अडचण उभी राहिली ती त्यानंतर. शिकाऊ उमेदवारासोबत शिकवणारा म्हणून जो बसतो, त्याच्याकडे स्वतःचा पक्का परवाना असावा लागतो, आणि 22 वर्षे मोटारसायकल चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी तो कधी काढलेलाच नव्हता. त्यामुळे शिकवले वडिलांनी, पण डांबरी रस्त्यावर मागे बसले ते चुलते. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल’ लावून तिने महिनाभर सराव केला, कारण कच्चा परवाना मिळाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही, आणि 6 महिन्यांनंतर कच्च्याची मुदतच संपते.

आता आठचा आकडा. वेगात असलेली दुचाकी बरीचशी आपल्या गतीनेच सावरलेली असते. चालवणाऱ्याचा कस लागतो तो धिम्या गतीत, जेव्हा डावे वळण संपते न संपते तोच उजवे सुरू होते आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या पुढे ठेवावी लागते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीतून गाडी काढणारा माणूस दोन्ही पाय खाली सोडून तोल सांभाळतो. रानात ती हुशारी असते, मैदानावर मात्र तीच नडते. रांगेत पुढे असलेल्या एका तरण्या गड्याचा पाय दुसऱ्याच वळणावर टेकला. नापास उमेदवाराला 7 दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, असे कायदा सांगतो. पण 7 दिवसांनी येथे शिबिर नसेल, तर त्याच्यापुढे पुढच्या शिबिराची वाट पाहणे किंवा एका दिवसाची मजुरी बुडवून लातूर गाठणे, एवढेच मार्ग उरतात.

मुलीची पाळी आली, तेव्हा वडील दोरीपलीकडून हलकेच म्हणाले, ‘‘माय, हात सैल सोड.’’ तिने आकडा पूर्ण केला आणि मोटार वाहन निरीक्षकांनी मान न उचलता कागदावर खूण केली. चाचणी बिनगिअरच्या गाडीवर दिल्यामुळे तिचा परवानाही बिनगिअरच्याच गाडीचा असेल, वडिलांची मोटारसायकल तिला त्यावर चालवता येणार नाही.

पुढे टपालाने कार्ड आले. त्यावरील क्रमांकाची सुरुवात एमएच 24, म्हणजे लातूरची, आणि मुदत वयाची 40 वर्षे पूर्ण होईपर्यंतची, कारण तिशीच्या आत परवाना काढणाऱ्यास ती तेवढी मिळते. वडिलांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि स्वतःचा अर्ज भरायला सांगितले. चाळिशी उलटलेली असल्याने त्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्रही जोडावे लागले. पहिल्या परीक्षेत त्यांची 8 उत्तरे बरोबर आली, एक कमी पडले. त्रिकोणातली चिन्हे सावध करतात आणि गोलातली बहुतेक हुकूम देतात, हे मुलगी त्यांना वहीत काढून दाखवते आहे. ते चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतात.