देश नकाशावर नाही, पण मैदानात आहे

नमस्कार मंडळी. मी आत्ता शरणपूर रोडवर, तिबेटियन मार्केटच्या बाहेर उभी आहे. थंडी पडली की आपण नाशिककर स्वेटर घ्यायला इथे येतो, घासाघीस करतो आणि पिशवी उचलून निघतो. या लोकांचा एक फुटबॉल संघ आहे, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

३० जून २००१, कोपनहेगन. तिबेट विरुद्ध ग्रीनलंड. दोघंही फिफाच्या बाहेरचे. चीनने या सामन्याला जोरदार हरकत घेतली, तरी तो झाला. तिबेटची पोरं भारत-नेपाळमध्ये निर्वासित म्हणून राहणारी. भारतातल्या तिबेटी माणसाकडे बहुधा पासपोर्ट नसतोच, असतं ते पिवळं ओळखपुस्तक. पण पहिला गोल त्यांनीच मारला! पुढे ४-१ ने हरले, ते जाऊ द्या. त्या दिवशी मैदानात त्यांचा झेंडा होता. हाच झेंडा तिबेटमध्ये, ल्हासात फडकवला, तर तुरुंग ठरलेला.

आपल्याकडे धरणात गाव गेलं की माणसं ग्रामदैवत उचलून नव्या गावठाणात नेतात. बाकी सगळं बुडालं तरी देव बरोबर हवा. मला वाटतं, विस्थापितांचा संघ म्हणजे हेच.

कोलकात्याचा ईस्ट बंगाल क्लब बघा. तो १९२० चा, म्हणजे फाळणीच्या कितीतरी आधीचा. पण १९४७ नंतर पद्मा नदीपलीकडून, पूर्व बंगालमधून लाखो माणसं आली, घरदार, तळी, शेतं सोडून. इथे 'बांगाल' म्हणून हिणवली गेली. त्यांनी हा क्लब छातीशी धरला. कोलकात्याच्याच मोहन बागान क्लबला हरवलं की घरोघरी इलिश मासा शिजायचा! जानेवारी २०२० मध्ये, नागरिकत्वाच्या कागदांवरून देश पेटलेला असताना, याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांनी फलक धरला: ही माती रक्ताने घेतलीय, कागदाने नाही. सत्तर वर्षं उलटली होती, पण ठणका तोच.

आणि तिकडे चिलीत पॅलेस्टिनो. हाही १९२० चाच, पॅलेस्टिनी स्थलांतरितांचा. २०१४ मध्ये त्यांनी जर्सीवरच्या १ या आकड्याच्या जागी १९४८ आधीच्या पॅलेस्टाइनचा नकाशा छापला. चिलीच्या फुटबॉल संघटनेने दंड ठोकला, जर्सी बंद केली. एका आकड्यापायी एवढं!

तिबेटी वसाहतींच्या संघांची आपसात स्पर्धाही होते, दलाई लामांच्या आईच्या स्मरणार्थ. यंदा स्वेटर घ्यायला आलात, तर भाव विचारायच्या आधी दुकानातल्या ताईंना विचारा, "तुमच्या वसाहतीचा संघ कसा खेळतो?"