२०० फ्रँकची रेघ: फ्रान्स्वा गिझो समजून घेताना

नमस्कार. फ्रान्स्वा गिझो हा इतिहासकार होता, आणि १८४० ते १८४८ फ्रान्सचं सरकार प्रत्यक्षात तोच चालवत होता. पंतप्रधानपद मात्र त्याला मिळालं १८४७मध्ये.

जन्म १७८७चा, नीम शहरातल्या प्रोटेस्टंट घरात. १७९४मध्ये क्रांतीच्या दहशतीत वडिलांना गिलोटिनवर चढवलं, आई मुलांना घेऊन जिनिव्हाला गेली. १८१२मध्ये तो पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला. १८२८च्या व्याख्यानांत त्याने मांडलं की आधुनिक युरोप वर्गांच्या झगड्यातून घडला. मार्क्सच्या कितीतरी आधी! आणि त्या झगड्यातून वर आला तो मध्यमवर्ग. त्याचं सगळं राजकारण या मांडणीवर उभं आहे.

आता दोन आकडे नीट बघा.

पहिला, २८ जून १८३३चा शिक्षण कायदा. गिझो तेव्हा शिक्षणमंत्री. प्रत्येक गावाने मुलांसाठी प्राथमिक शाळा चालवायची. लहान गावांनी शेजारच्या गावाबरोबर मिळून चालवली तरी चालेल. प्रत्येक जिल्ह्याने शिक्षक घडवणारं विद्यालय काढायचं. शिक्षकाला राहायला घर आणि वर्षाला किमान २०० फ्रँक पगार. वर मुलांची फी, गरिबांना ती माफ. शाळेत जाण्याची सक्ती नव्हती, आणि गावांवरच्या या बंधनात मुलींच्या शाळा नव्हत्या. ही कायद्याची मोठी उणीव. तरीही फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत शाळा पोचवण्यात या कायद्याचा वाटा फार मोठा आहे.

दुसरा आकडाही २०० फ्रँकच. मत द्यायचं तर वर्षाला इतका प्रत्यक्ष कर भरायला हवा. म्हणजे शिक्षकाचा किमान पगार जेवढा, तेवढा नुसता कर! साडेतीन कोटींच्या देशात मतदार होते जेमतेम अडीच लाख. १८४७मध्ये ही अट १०० फ्रँकवर आणायचा प्रस्ताव आला. गिझोच्या बहुमताने तो फेटाळला.

त्याची चूक इथे झाली. ज्या मध्यमवर्गाच्या जोरावर राज्य चाललं होतं, त्यातलेच छोटे दुकानदार आणि कारागीर मतदार यादीबाहेर राहिले. पण राजाच्या रक्षणासाठी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलात, बंदुका घेऊन उभे होते तेच. राजकीय सभांना परवानगी मिळेना, म्हणून विरोधकांनी मेजवान्या भरवून भाषणं सुरू केली. फेब्रुवारी १८४८मध्ये पॅरिसची मेजवानी सरकारने रोखली. २२ तारखेला लोक रस्त्यावर आले. २३ला गार्डचेच लोक सुधारणेच्या घोषणा देऊ लागले, तेव्हा राजा लुई फिलिपने गिझोला काढलं. त्याच संध्याकाळी परराष्ट्र मंत्रालयासमोर सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. २४ला राजाने गादी सोडली. गिझो लंडनला निसटला.

मार्चमध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. मतदार ९० लाखांवर गेले. १८४९मध्ये गिझो नॉर्मंडीतल्या काल्व्हादोसमधून उभा राहिला आणि पडला. पुढची २५ वर्षं, १८७४मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो तिथल्याच व्हाल-रिशेरच्या घरी इतिहास आणि आठवणी लिहीत राहिला.