चार नंबरप्लेटींचा एक जिल्हा

[दृश्य : राणी चन्नम्मा सर्कल, सकाळचे साडेदहा. वाहनांची गर्दी, कॅमेरा नंबरप्लेटींवर.]

बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला पाच मिनिटं उभं राहायचं आणि नुसते गाड्यांचे नंबर वाचायचे. केए २२ म्हणजे बेळगाव. केए २३ चिक्कोडी. केए २४ बैलहोंगल. केए ४९ दिसली की समजायचं, गोकाकचे पाहुणे आले.

आरटीओच्या लेखी हा जिल्हा कधीच वाटला गेलाय. शिक्षण खात्याच्या लेखीही. दहावीचा निकाल लागतो तेव्हा यादीत चिक्कोडी वेगळा जिल्हा असतो, बेळगाव वेगळा. मग कोण वर, कोण खाली यावर चहाच्या गाड्यावर दोन दिवस वाद रंगतात. खासदार दोन. नीट मोजायला बसलं तर तीन, कारण खानापूर आणि कित्तूर मतदानाला कारवारकडे जोडलेत.

वाटणी झाली नाही ती एकाच गोष्टीची. सर्कलला लागून असलेल्या या डीसी ऑफिसची, म्हणजे कलेक्टर कचेरीची. चिक्कोडी आणि गोकाक हे वेगळे जिल्हे व्हायचे राहिलेत ते इथंच.

[दृश्य : आवारातल्या झाडाखालचा कट्टा. धोतर, टोपी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.]

हे आजोबा अथणीच्या पलीकडच्या गावातून पहाटेची पहिली गाडी धरून आलेत. पिशवीत उताऱ्याच्या झेरॉक्स, आधार कार्ड आणि फडक्यात बांधलेली भाकरी. जवळपास दीडशे किलोमीटरचा प्रवास. त्यांना मिरज किती तरी जवळ. दवाखाना मिरजेला, लग्नाचा बस्ता सांगलीला. पण जमिनीचं अपील काही मिरजेत चालत नाही. आज समोरच्या पार्टीचा वकील आलेला नाही, म्हणून पुढची तारीख.

तारखेचं त्यांना काही वाटत नाही. म्हणतात, "तारीख पडायचीच ओ. खरं चिक्कोडीत पडली असती तर दुपारी घरला जाऊन जनावरास्नी पाणी तरी दावलं असतं."

१३,४१५ चौरस किलोमीटर. कर्नाटकातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा. खानापूरच्या जंगलाला लागून असलेलं आख्खं गोवा राज्य यात साडेतीन वेळा मावेल. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार. आमदार १८. एका टोकाला कणकुंबीचा पाऊस, दुसऱ्या टोकाला अथणीची कोरडी माळरानं, आणि दोन्हीकडचा कलेक्टर एकच.

गंमत अशी की हा जिल्हा जन्मला तोच वाटणीतून. धारवाडचा मुलूख एका कलेक्टरला झेपेना, म्हणून इंग्रजांनी १८३६ साली त्याचा उत्तरेचा भाग तोडून बेळगाव जिल्हा केला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हाही एक तुकडा निघालाच. चंदगड तालुका मागं राहिला, आता तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. चंदगडची माणसं बाजाराला अजून बेळगावातच दिसतात, हा भाग वेगळा.

[दृश्य : उत्तर कर्नाटकाचा नकाशा. धारवाड, विजापूर यांच्या सीमा फुटत जातात.]

१९९७. जे. एच. पटेल मुख्यमंत्री होते. त्या वर्षी राज्यात सात नवे जिल्हे झाले. धारवाडातून गदग आणि हावेरी निघाले, विजापुरातून बागलकोट. चिक्कोडी आणि गोकाक या दोन जिल्ह्यांचीही घोषणा झाली होती. ती मागं घ्यावी लागली. कन्नड संघटनांचा विरोध होता, आणि त्या विरोधाच्या तळाशी टक्केवारी होती.

ती नीट समजून घेऊ. २०११च्या आकड्यांप्रमाणे जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे शंभरात साधारण १९. कन्नड ६८. आता गोकाक, रायबाग, अथणी यांसारखे कन्नडबहुल तालुके बाजूला काढा. उरलेल्या बेळगाव जिल्ह्यात शहर, आजूबाजूची खेडी आणि खानापूर यांचं वजन एकदम वाढतं. एकही माणूस घर सोडून कुठं गेलेला नाही, तरी मराठीचा टक्का चढला. ज्या जिल्ह्यातल्या मराठी भागावरचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात नेलाय, तिथं हे कुणाला आवडणार?

आणि टक्का नुसता मिरवायचा नसतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेल्या तरतुदींत, जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेत द्यायचे. जिल्ह्यात ६० टक्के भरले तर ती त्या जिल्ह्याची जादा राजभाषा. अंमल किती होतो, हे इथल्या कुठल्याही बोर्डाकडं बघून कळेल. तरी कागदावर टक्का हा हक्काचा पाया आहे, आणि जिल्ह्याची रेघ सरकली की तो पाया सरकतो.

म्हणजे मराठी माणसाला वाटणी फायद्याची? इतकं सरळ नाही. चिक्कोडी जिल्हा झाला तर निपाणी तिकडं जाणार, खानापूर इकडं राहणार. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालानं ही दोन्ही गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलं होतं, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं होतं. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. आज सीमाभाग म्हणून एका दमात उच्चारली जाणारी गावं उद्या दोन कलेक्टरांच्या दोन फायलींत जातील. आमच्याकडच्या सभांत यावर मोकळेपणानं बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

[दृश्य : निपाणी, नव्या तालुक्याचं ऑफिस. दारात बिडी कामगार बायकांची रांग.]

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. नवं राज्य करायचं तर घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसदेत विधेयक आणावं लागतं. संबंधित विधानसभेचं मत विचारतात, पण ते मानलंच पाहिजे असं नाही. जिल्ह्याला दिल्लीची गरज नाही. राज्य सरकारनं महसूल कायद्याखाली अधिसूचना काढली की झालं. तेलंगणानं ११ ऑक्टोबर २०१६च्या दसऱ्याला १० जिल्ह्यांचे ३१ करून टाकले. आंध्रनं २०२२मध्ये १३चे २६ केले. खुद्द कर्नाटकानं २०२१ साली बळ्ळारीतून विजयनगर काढला. इथंही निपाणी, कागवाड, मुडलगी, कित्तूर हे तालुके झालेच की. तालुका वाढल्यानं जिल्ह्याचा टक्का बदलत नाही, हे त्यामागचं साधं कारण असावं.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली लिहिलं होतं की एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचं एकच राज्य असायला पाहिजे असं नाही. महाराष्ट्राचेसुद्धा चार भाग करा, असा त्यांचा प्रस्ताव होता. राज्य किती मोठं असावं, हा त्यांच्या लेखी कारभाराचा प्रश्न होता, अस्मितेचा नव्हे. इथं बेळगावात तर जिल्ह्याचं हेडक्वार्टर कुठं हा प्रश्नसुद्धा अस्मितेचा होतो: चिक्कोडीला दिलं तर गोकाक बंद, दोघांना दिलं तर बैलहोंगल आणि अथणी विचारणार, आमचं काय.

[दृश्य : संध्याकाळ. चिक्कोडी बसस्टँड.]

अथणीची गाडी चिक्कोडीत दहा मिनिटं थांबते. आजोबा खाली उतरत नाहीत. खिडकीतून बाहेर केए २३च्या मोटारसायकली दिसतात. या गावात आरटीओ आहे, प्रांतसाहेबांचं ऑफिस आहे, शिक्षण खात्याचा आख्खा जिल्हा आहे. त्यांचा कागद तेवढा इथं चालत नाही.

पुढची तारीख महिन्यानं. पिशवी त्यांनी सीटखाली सरकवलीय. अथणीला अजून तास-दीड तास, आणि तिथून गावाकडं जाणारी शेवटची गाडी साडेआठची. कंडक्टर घंटी मारतो.