सुट्या खुर्च्यांची बाग

नमस्कार श्रोतेहो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागे ब्रायंट पार्क आहे. चहूबाजूंना कचेऱ्या, माणसांची ही वर्दळ. तरीही 1970च्या दशकात या बागेत अमली पदार्थ विकणारे ठाण मांडून बसत आणि बाकीचे लोक वळसा घालून जात.

असं झालं की आपण आधी पोलीस बंदोबस्त मागतो. विल्यम व्हाइट या अभ्यासकांनी मात्र लोक कुठून आत येतात, कुठे टेकतात, हे बारकाईनं पाहिलं. दुखणं बागेच्या बांधणीतच होतं. 1934च्या पुनर्रचनेत बाग रस्त्यापेक्षा उंचावर गेली होती. भोवती लोखंडी कुंपण आणि दाट झुडपं. शहराच्या गोंगाटात निवांत जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण रस्त्यावरून आतलं काही दिसेना आणि नको त्या धंद्यांना आयता आडोसा मिळाला.

व्हाइट यांची एक कसोटी मला फार मोलाची वाटते. बागेत बायका किती दिसतात, ते बघा. जिथे धोका जाणवतो तिथे बाई थांबत नाही, हे आपल्या घरातल्या कुणालाही विचारा.

1988मध्ये बाग बंद करून काम सुरू झालं आणि 1992मध्ये ती पुन्हा खुली झाली. उंच झुडपं गेली, आत यायच्या वाटा वाढल्या, खाण्यापिण्याचे स्टॉल आले, स्वच्छतागृह नीट झालं. आणि आल्या सुट्या खुर्च्या! जमिनीत रोवलेली बाकं नव्हेत, उचलून कुठेही नेता येतील अशा हलक्या खुर्च्या. उन्हात बसा, सावलीत बसा, चौघं मिळून कोंडाळं करा. व्हाइट यांनी टिपलंय, की माणूस बसण्याआधी खुर्ची थोडी इकडे-तिकडे सरकवतो, कधीकधी तर पुन्हा होती तिथेच ठेवतो. जागा आपली झाल्याची ही खूण, असं मला वाटतं.

या बागेचा कारभार एक खासगी ना-नफा संस्था बघते. आसपासच्या मालमत्तांवरची वर्गणी आणि कार्यक्रमांचं उत्पन्न यांवर तो चालतो. सार्वजनिक जागा अशी सोपवावी का, ही शंका रास्त आहे, आणि तेवढा पैसा प्रत्येक वस्तीकडे नसतोच. पण झुडपं छाटायला आणि फाटकं उघडायला गडगंज पैसा लागत नाही. तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या ओस बागेसाठी अर्ज लिहाल, तेव्हा कारंजं नंतर मागा. आधी रस्त्यावरून आतलं दिसू द्या, चालू दिवे आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह मागा. आणि अर्ज लिहायला बसाल तेव्हा त्या बागेत न जाणाऱ्या शेजारणींनाही बोलवा. त्या का जात नाहीत, ते त्याच सांगतील. नमस्कार.