गवंडीकाम करणारा विश्वविजेता : हर्मन मायर

मंडळी, ऑस्ट्रियाचा स्कीइंगपटू हर्मन मायर याचं नाव निघालं की बहुतेकांना जपानमधल्या नागानो इथल्या १९९८च्या हिवाळी ऑलिम्पिकमधलं त्याचं पडणं आठवतं. मी मात्र सुरुवात करणार आहे ती त्याला कुणी ओळखत नव्हतं त्या वर्षांपासून. माझ्या मते या खेळाडूचं खरं सामर्थ्य तिथे घडलं.

ऑस्ट्रियातलं फ्लाखाऊ हे त्याचं गाव. वडील तिथे स्कीइंगची शाळा चालवायचे. पोरगा वेगवान होता, म्हणून त्याला श्लाडमिंगच्या क्रीडा शाळेत घातलं. पण अंगकाठी किरकोळ, त्यात वाढीच्या वयात गुडघे दुखायचे. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला घरी पाठवण्यात आलं. ऑस्ट्रियात खेळाडू लहानपणीच निवडले जातात. तिथून गळालेल्या मुलाकडे सहसा कुणी पुन्हा वळून पाहत नाही. मायर उन्हाळ्यात गवंडीकाम करू लागला आणि हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत शिकवू लागला. विटा आणि सिमेंट उचलून शरीर भरलं, आणि स्कीइंग त्याने सोडलं नाही.

स्कीइंगचा विश्वचषक म्हणजे हिवाळाभर वेगवेगळ्या ठिकाणी चालणारी शर्यतींची मालिका. जानेवारी १९९६मध्ये त्यातली जायंट स्लॅलम, म्हणजे खांबांच्या दारांमधून वळणं घेत उतरायची शर्यत, फ्लाखाऊलाच झाली. शर्यतीआधी उताराची चाचणी म्हणून काही जणांना खाली सोडतात. त्यांची वेळ निकालात धरत नाहीत. त्यांत मायर होता. वेळ धरली असती, तर तो बारावा आला असता! संघाचं दार उघडलं ते त्यानंतर. फेब्रुवारी १९९७मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला त्याने विश्वचषकातली पहिली शर्यत जिंकली.

मग १३ फेब्रुवारी १९९८. नागानोला डाउनहिलमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगवान शर्यतीत, तो हवेत फेकला गेला आणि संरक्षक जाळ्या तोडून पलीकडे आदळला. खांदा आणि गुडघा दुखावले. हवामानामुळे त्याची पुढची शर्यत, सुपर-जी (डाउनहिलचा वेग आणि जायंट स्लॅलमसारखी वळणं), पुढे ढकलली गेली, तेवढीच काय ती उसंत. सुपर-जीला सराव फेरी नसते. सकाळी दारं कुठे लावली आहेत ते पाहून घ्यायचं आणि एकदाच उतरायचं. तीन दिवसांपूर्वी असा आदळलेला माणूस त्या उतारावर उतरला आणि सुवर्णपदक घेऊन आला. पाठोपाठ जायंट स्लॅलमचंही.

तरीही त्याहून मोठा विजय मला ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलचा वाटतो. ऑगस्ट २००१मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. पाय कापावा लागेल अशी भीती होती. हाडात टायटॅनियमची सळई बसवली. २००२चं सॉल्ट लेक ऑलिम्पिक हुकलं. स्कीचा बूट नडगीला घट्ट आवळून धरतो आणि वळणावरचा सगळा जोर तिथूनच जातो, म्हणजे नेमका जिथे हा पाय मोडला होता तिथून. त्याच पायावर भार देत जानेवारी २००३मध्ये त्याने किट्सब्यूलची सुपर-जी जिंकली. पुढच्याच मोसमात विश्वचषकाचं सर्वसाधारण विजेतेपद, म्हणजे सगळ्या प्रकारांतले गुण मिळून पहिला क्रमांक, चौथ्यांदा मिळवलं. २००९मध्ये निवृत्त झाला तेव्हा विश्वचषकातले ५४ विजय त्याच्या नावावर होते.