आईच्या जन्माआधीची पेशी

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एकच स्त्रीबीज]

हे स्त्रीबीज. व्यास साधारण 0.1 मिलिमीटर. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. समजा, ते 38 वर्षांच्या स्त्रीच्या शरीरातून बाहेर पडलं आहे. मग या पेशीचं वय किती?

38 पेक्षा काही महिने जास्तच. कारण ती तयार झाली तेव्हा ही स्त्री स्वतः तिच्या आईच्या पोटात होती.

[दृश्य: वाढत्या गर्भाचं रेखाचित्र]

गर्भ जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो, अजून मुलगा की मुलगी हे शरीरावर उमटलेलंही नसतं, तेव्हाच काही पेशी बाजूला काढून ठेवल्या जातात. पुढच्या पिढीसाठी. त्या सरकत सरकत भावी बीजकोशापर्यंत पोचतात आणि भराभर वाढतात. मुलीच्या गर्भात विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची संख्या 60 ते 70 लाखांवर जाते. मग उतरती कळा लागते. जन्माच्या वेळी उरतात 10 ते 20 लाख, वयात येताना तीन-चार लाख. आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती फक्त चारशेच्या आसपास.

पण खरी गंमत संख्येत नाही, थांबण्यात आहे.

[दृश्य: गुणसूत्रांच्या जोड्या, ॲनिमेशन]

आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 23 जोड्या. बीजात यातली निम्मीच जायला हवीत. त्यासाठी जे विभाजन होतं ते गर्भातच सुरू होतं. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, आपापले तुकडे अदलाबदल करतात. आणि तिथेच सगळं थांबतं. बारा वर्षं, वीस वर्षं, कधी चाळीसहून अधिक. पाठ्यपुस्तकात हे विभाजन एका पानावरच्या आकृतीत मावतं, त्यामुळे हा थांबा किती लांबचा आहे ते कुणाच्या लक्षातच येत नाही. तो संपतो ते बीज बाहेर पडायच्या वेळी. तेही अर्धवटच: शेवटचा टप्पा शुक्राणू आत शिरल्यावर पुरा होतो.

इतकी वर्षं गुणसूत्रं एकत्र धरून ठेवतात ती कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी. ती गर्भावस्थेत बसवली जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की नंतर त्यांच्या जागी नवी कडी बसत नाहीत. जुनीच झिजत जातात. मग विभाजनाच्या वेळी एखादी जोडी नीट सुटत नाही, दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. एकविसाव्या जोडीच्या बाबतीत असं झालं, तर जन्मणाऱ्या बाळात ते गुणसूत्र तीनदा असतं. हाच डाउन सिंड्रोम.

[दृश्य: जुन्या नोंदवह्या, वंशावळीचे तक्ते]

वयाचा हा संबंध गुणसूत्रं मोजता येण्याच्या कितीतरी आधी लक्षात आला होता. ही मुलं बऱ्याचदा शेंडेफळ असतात, हे डॉक्टरांना दिसत होतं. काहींनी निष्कर्ष काढला की बाळंतपणांनी गर्भाशय थकतं. पण शेवटच्या मुलाच्या वेळी आईचं वय जास्त असतं, तसं वडिलांचंही असतं. मग कारण कोणतं? बाळंतपणांची संख्या, आईचं वय, की वडिलांचं? ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी 1933 आणि 1934 मध्ये कुटुंबांच्या नोंदी घेऊन हा गुंता आकडेमोडीने सोडवला. उत्तर होतं, आईचं वय. गर्भाशयाचा थकवा निकालात निघाला. माणसात 46 गुणसूत्रं असतात हे पक्कं ठरलं 1956 मध्ये, आणि ते जादा गुणसूत्र सापडल्याचं पॅरिसमधून प्रसिद्ध झालं 1959 मध्ये. पेनरोज यांच्यानंतर पाव शतकाने.

आकडे सांगायचे तर, पंचविशीतल्या आईच्या बाबतीत हे प्रमाण साधारण 1250 जन्मांमागे एक, आणि चाळिशीत 100 जन्मांमागे एक. म्हणजे चाळिशीतही बहुतेक बाळांत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनच प्रती असतात. हे वाक्य दवाखान्यात आकड्याच्या आधी सांगायला हवं, असं मला वाटतं.

[दृश्य: शुक्राणू]

आणि वडील? त्यांचं घड्याळ वेगळं चालतं. शुक्राणू दोन-अडीच महिन्यांत तयार होतो, म्हणून तो ताजा वाटतो. पण तो ज्या मूळ पेशींपासून बनतो त्या वयात आल्यापासून सतत विभागत असतात, आणि दर वेळी डीएनएची सगळी अक्षरं पुन्हा उतरवावी लागतात. उतरवताना चुका राहतात. प्रत्येक बाळात आई-वडिलांपैकी कुणातही नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल असतात. त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक वडिलांकडून येतात, आणि त्यांच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक एक-दोन वाढतात. बहुतेक निरुपद्रवी. सगळे नव्हेत.

अकाँड्रोप्लेजिया हा ठेंगणेपणाचा सर्वांत परिचित प्रकार. ही मुलंही बऱ्याचदा शेंडेफळ, हे जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी 1912 मध्येच टिपलं होतं. इथे मात्र पेनरोज यांना 1955 मध्ये आकडे उलट्या बाजूला झुकलेले सापडले: वडिलांचं वय. 1994 मध्ये जनुक हाती लागलं, एफजीएफआर3. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्यातलं तेच एक अक्षर बदललेलं. आई-वडील सामान्य उंचीचे असतील, तर हा बदल जवळजवळ नेहमी वडिलांच्या गुणसूत्रावर सापडतो. आणि केवळ उतरवण्यातल्या चुकांनी तो इतक्या वेळा घडायला नको. तर्क असा, की ज्या मूळ पेशीत हा बदल होतो, ती वृषणात शेजारच्या पेशींपेक्षा जास्त वाढते, आणि वय वाढेल तसा तिचा गोतावळाही वाढत जातो.